दीड महिन्याचा श्रावण

लग्नानंतर माझा श्रावण दीड महिन्याचा झाला. झाशीतल्या मराठी घरात ज्याचा जन्म झालेला नसेल त्याला हे समजावून सांगावं लागतं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो, महाराष्ट्रात अमावस्येनंतर. त्यामुळे इकडचा सावन आधी लागतो आणि तो अर्धा सरला की मग मराठी श्रावण लागतो. माझं माहेरचं घराणं कधीकाळी फौजेबरोबर इकडे आलं आणि ओरछा गेटच्या आत राहिलं ते राहिलंच. इतक्या पिढ्यांत घरात वरणभात टिकला, पुरणपोळी टिकली, मोडकीतोडकी का होईना मराठी टिकली, पण पंचांग मात्र इकडचं झालं. आई सावनाचे सोमवार धरते. सासू-सासरे साताऱ्याकडचे, नवरा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून तेही इथे कॉलनीत राहायला आले. सासूबाई श्रावणी सोमवार धरतात. आईचा सावन लागला की माझे उपास सुरू व्हायचे आणि सासूबाईंचा श्रावण संपला की संपायचे. मधला पंधरवडा दोन्हीकडे सारखा, तेवढीच काय ती दोघींची एकी.

श्रावण हा तर नुसता नमुना झाला. वडाची पूजा इकडे अमावस्येला, तिकडे पौर्णिमेला, म्हणजे मी एकाच वडाला पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा दोरा गुंडाळत होते. बिचाऱ्या वडाला वाटत असेल, या बाईचा माझ्यावर विश्वासच नाही. आईकडून करवा चौथ आली, मुलगी झाल्यावर लेकरांसाठीची हरछठ आली. सासूबाईंकडून संकष्टी आली, मार्गशीर्षातले गुरुवार आले. सक्ती कुणीच केली नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे लगेच दोघींना बोल लावून मोकळे होतील. आई म्हणाली होती, "बेटा, आपल्या घरात चालत आलंय, जमेल तेवढं कर." सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या मर्जीवर आहे हो, मी काही म्हणणार नाही." ज्या घरात असं गोड बोलतात तिथे नाही म्हणणं किती कठीण असतं ते सुनांना विचारा.

खरी गंमत खाण्यात होती. आईच्या सोमवारात दिवसभर मीठ चालत नाही. साबुदाणा ती मुळीच खात नाही, कारण तो कारखान्यात पायांनी तुडवतात असं तिनं कुणाकडून तरी ऐकलंय. सासूबाईंचा उपास साबुदाण्यावरच उभा, पण इकडे उपासाला चालतात ते कुट्टूच्या पिठाचे पराठे त्यांना उपासाचे वाटतच नाहीत. "पीठ ते पीठ," त्या म्हणायच्या. आई रोज फोनवर विचारायची, क्या खाया. सासूबाई तर समोरच असायच्या. मला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं. म्हणून मी दोन्हीकडे चालेल तेवढंच खायला लागले, आणि दोन्हीकडे बिनबोभाट चालायचा तो म्हणजे चहा. चहा, एखादं केळं, पुन्हा चहा.

त्यातच मला नोकरी लागली. गरौठ्याच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायची. ही नोकरी मला फुकट मिळालेली नव्हती. मुलीला मांडीवर झोपवून मी अभ्यास केला होता, दोनदा नापास झाले होते, आणि निकाल लागला त्या दिवशी सदर बाजारात भर रस्त्यात रडले होते. झाशीहून गरौठ्याची बस भल्या सकाळी निघते. घरून चहा पिऊन निघायचं, पोळीभाजीचा डबा दुपारी उघडायचा. पाणी प्यायचं नाही. वाटेत बाईमाणसाला उतरता येईल अशी धड सोय नाही, म्हणून आम्ही रोज जाणाऱ्या बायकांनी पाणी पिणंच सोडून दिलं होतं. एकमेकींना आम्ही ही युक्ती मोठ्या अभिमानानं सांगायचो. बाटली सगळ्यांच्या पिशवीत असायची आणि भरलेलीच घरी परत यायची.

आणि दर महिन्याला ते दुखणं यायचं. मुलीच्या जन्मानंतर कमी होईल असं सगळ्याजणी म्हणाल्या होत्या, पण नोकरी लागल्यापासून ते वाढलंच. आधी कमरेत एक जडपणा यायचा, मग ओटीपोटात कुणीतरी ओलं धुणं पिळावं तशी कळ, ती मांड्यांतून गुडघ्यांपर्यंत उतरायची. घाम फुटायचा, उलटी व्हायची. मला त्याचा राग यायचा, भीतीही वाटायची, पण खरं सांगायचं तर त्या दोन्हींच्या खाली मला त्याचं नवल वाटायचं. आठवीच्या वर्गात मी चित्र काढून सांगत असे की गर्भाशय एका मुठीएवढं असतं. एवढ्याशा मुठीत इतकी ताकद येते कुठून? ती आवळली की माझ्यासारखी चांगली धडधाकट बाई न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडते, आणि तिला आपलं नावही आठवायला नको वाटतं. कळ ओसरली की मी तशीच पडून विचार करायची, याच मुठीनं माझी मुलगी बाहेर ढकलली. मग रागवायचं तरी कुणावर?

त्या वर्षी आषाढातल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी गरौठ्याच्या बसमध्ये बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा कंडक्टर माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि लेकीला हाक मारावी तसं बुंदेलीत म्हणत होता, "बिन्नू, का हो गओ?" सगळी बस माझ्याकडे पाहत होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई त्याच बसमध्ये होती, तिनं आपल्या पदरानं माझी साडी झाकली. शाळेत माझी त्या दिवशी सुट्टी पडली, आणि अशा सुट्ट्या तर दर महिन्याच्या होत्याच. मुख्याध्यापिका रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, ऐसे कैसे चलेगा?" त्या शांतपणाचीच मला जास्त धास्ती वाटली. घरी नवरा म्हणाला, "सोड ती नोकरी. आपलं काय अडलंय?" तो प्रेमानं म्हणाला, म्हणून मला जास्तच संताप आला. माझं अडलं होतं! पण आतून मलाही कळत होतं की आणखी दोन-चार महिने असेच गेले तर मला राजीनामा द्यावाच लागेल.

पाळी संपल्यावर सासूबाई मला सदर बाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. आईला राहवेना, तीही ई-रिक्षा करून ओरछा गेटहून आली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ नाही, सूज नाही, रक्त मात्र कमी आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कल क्या खाया था?"

मी म्हटलं, "कल व्रत था."

"और परसों?"

"परसों भी," सासूबाई मध्येच म्हणाल्या, "परवा संकष्टी होती. पण काल कसला गं उपास?"

"काल सोमवार नव्हता का?" आई म्हणाली. "सावनाचा पहिला सोमवार."

"श्रावण अजून लागायचाय!"

"कधीचा लागलाय, विहिणबाई. मंदिरात जाऊन बघा गर्दी."

"अहो, अमावस्या नाही झाली अजून, श्रावण लागेल कसा?"

दोघी माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसलेल्या, आणि माझ्या डोक्यावरून पंचांगाचं भांडण चाललेलं. मला खाली बघून हसू आवरेना. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, पण सोमवार आणि सावन एवढं त्यांना कळलं. त्यांनी आईकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात विचारलं, "तो आप दोनों सावन रखती हैं? इनका भी, उनका भी?"

आईला माहीत नव्हतं की सासरी मी पुन्हा पहिल्यापासून सोमवार धरते. सासूबाईंना वाटत होतं की लग्न झाल्यावर माहेरचे सोमवार सुटले असतील; मी डबा घेऊन निघायचे, त्या दिवशी तो उघडायचा नाही हे त्यांना कुठून कळणार? दोघींनी इतकी वर्षं आपापल्या वाट्याचं मोजलं होतं, आणि बेरीज होत होती माझ्या पोटात. आईनं तोंडावर हात ठेवला. सासूबाई बराच वेळ टेबलावरच्या सोनोग्राफीच्या काळ्या फोटोकडे बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. उपासाला त्यांनी नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, उपासानं पाळी दुखते असं मी म्हणत नाही. पण रिकामं पोट, पाण्यावाचून सुकलेलं अंग, वर चहावर चहा, अपुरी झोप आणि कमी रक्त, अशा अंगाला तीच कळ दुप्पट लागते. सकाळी काहीतरी पोटात घालूनच बाहेर पडायचं. पाणी प्यायचं, सोय नसेल तर सोय शोधायची. हिरवी भाजी, डाळ, चणे, गूळ. रोज चालायचं, पाळीतसुद्धा झेपेल तसं. पोट शेकायचं. दुखण्याची गोळी त्यांनी लिहून दिली, ती कळ मस्तकात जाईपर्यंत थांबून नाही, सुरुवातीलाच, आणि खाऊन घ्यायची. काहीजणींना यानं फरक पडतो, काहीजणींना नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. काही महिने करून बघा. नाहीच कमी झालं तर परत या, सहन करत बसू नका, पुढचा तपास करू, असं म्हणाल्या.

आम्ही तिघी रिक्षानं परतलो. कॉलनीच्या फाटकाशी उतरल्यावर सासूबाई आईला म्हणाल्या, "चहा घेऊन जा." आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला नाही."

आता पेच असा होता की धरलेलं व्रत मध्येच सोडायचं नसतं. त्याचं उद्यापन करावं लागतं, म्हणजे रीतसर पूजा करून, सवाष्णीला जेवू घालून व्रताची सांगता करायची, आणि सगळ्यांचं एकदमच करायचं तर सोमवारच्या उद्यापनाबरोबर, श्रावणातच. त्या वर्षी ठरवलेल्या सोमवारीच घरात भावकीतलं सुतक आलं आणि ते राहिलं. न करता सोडलं तर? माझा यावर फारसा विश्वास नाही, मी विज्ञान शिकवते. पण व्रत होतं नवऱ्यासाठी आणि मुलीसाठी, आणि त्या दोघींच्या डोळ्यांतली भीती खरी होती. मी म्हटलं, बरं, फळं-दूध भरपूर घेऊन धरते वर्षभर. दोघी एका सुरात नाही म्हणाल्या. माझ्या आठवणीत त्या पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या.

आणि त्यांनी जे केलं ते आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. माझे उपास त्यांनी वाटून घेतले. माझ्या नावानं, माझ्याऐवजी. तेही आपापले नाहीत, ते तर त्या करतच होत्या, एकमेकींचे घेतले. आई माझ्या नावानं संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबू लागली. सासूबाईंनी माझी हरछठ धरली, जिचं नावही त्यांना धड उच्चारता येत नव्हतं. करवा चौथीला त्या हातात चाळणी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या आणि आईला फोन लावून विचारू लागल्या, "विहिणबाई, आधी चंद्र बघायचा का आधी मुलगा?" मी जाम भांडले. म्हटलं, या वयात तुम्ही उपाशी राहायचं आणि मी पोळ्या खायच्या? मला घास गिळवेल का? सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला बसनं कुठे जायचंय?"

मग मी जेवायला लागले. हे वाक्य किती साधं आहे, पण मला ते शिकावं लागलं. सकाळी निघण्याआधी भाकरी आणि पालेभाजी, नाहीतर चण्याची उसळ. सुरुवातीला घशाखाली उतरेना, इतकी सवय गेली होती. पाणी प्यायचं तर उतरायची सोय हवी, म्हणून गरौठ्याच्या वाटेवर एका पेट्रोल पंपाच्या मालकीणबाईंशी बोलून आम्ही बायकांनी त्यांच्या घरची सोय मागून घेतली. कंडक्टर तिथे बस थांबवू लागला, पुरुष प्रवासी कुरकुरू लागले, आम्ही लक्ष दिलं नाही. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारू लागले. रात्री लवकर झोपू लागले. यात औषधासारखं काहीच नव्हतं, म्हणून माझा त्यावर फार भरवसाही नव्हता.

पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. दुसऱ्यातही थोडासाच. आई फोनवर विचारायची आणि मी खोटं सांगू शकत नव्हते. एकदा मनात आलं, दोन म्हाताऱ्या फुकट उपाशी राहताहेत, सगळं सोडून द्यावं, नोकरीसकट. पण मी तोंडातून ते काढलं नाही.

होळी झाल्यावरची गोष्ट. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर तेच चित्र काढत होते, मुठीएवढं गर्भाशय. सकाळीच पाळी आलेली, गोळी घेतलेली, जेवलेली. मी कळेची वाट बघत होते, जशी नेहमी बघायचे, खडू हातात घट्ट धरून. कळ आली. मी टेबलाला टेकले. ती वर चढली, आणि मला वाटलं होतं तिथपर्यंत पोचायच्या आधीच ओसरली. मी तशीच उभी. पुन्हा आली, पुन्हा ओसरली. मला उभं राहता येत होतं! वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलता येत होतं. पोरी म्हणाल्या, "मैडम, चुप काहे हो गईं?" मी काय सांगणार? माझ्या आत एवढं मोठं काहीतरी चाललेलं होतं आणि मी त्याला पहिल्यांदाच शुद्धीत बघत होते. भाकरी, पाणी, चालणं, झोप, आणि एक गोळी. एवढ्यावर त्या मुठीनं माझं ऐकलं होतं. देवळात हात आपोआप जुळतात तसे माझे त्या फळ्यासमोर जुळले असते, वर्ग नसता तर.

कळ पूर्ण गेली नाही, अजूनही नाही गेलेली. एखादा महिना वाईट जातोच. पण बेशुद्धी थांबली, महिन्याची सुट्टी थांबली, आणि मुख्याध्यापिकांनी पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. राजीनाम्याचं घरात कुणी बोलेनासं झालं.

पुढच्या श्रावणात उद्यापनाचा दिवस ठरला. कोणत्या पंचांगानं, यावर जुंपणार अशी मी वाट बघत होते, पण दोघींनी निमूटपणे तो मधला पंधरवडा निवडला, जेव्हा सावन आणि श्रावण दोन्ही चालू असतात. त्यातला सोमवार. आई आदल्या दिवशीच आमच्याकडे राहायला आली. पुरण शिजलं. सवाष्ण म्हणून बाहेरची कुणी बोलवायची नाही, मलाच बसवायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. व्रतं जिच्या नावाची, तिचंच पोट भरायचं, हा सासूबाईंचा हिशोब.

आणि त्या सकाळी मला पाळी आली.

न्हाणीघरात मी किती वेळ बसले माहीत नाही. आमच्या दोन्ही घरांत या दिवसांत पूजेच्या जागी जायचं नाही, सवाष्ण म्हणून बसणं तर लांबच. आई सोवळ्याची पक्की. माझ्या लहानपणी या दिवसांत ती मला वरून पाणी वाढायची, हाताला हात लागू द्यायची नाही. सगळं मोडणार होतं. म्हणजे आणखी एक वर्ष या दोघी उपाशी. मला रडू आलं. बाहेर येऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले आणि म्हटलं, "मला जमणार नाही. मी आत्ताच बाजूला झालेय."

आईच्या हातात पुरणाची वाटी होती. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आईकडे पाहिलं. गॅसवर कढी उतू जायला आली होती, ती सासूबाईंनी आधी बंद केली.

"आता नवा दिवस काढायचा म्हणजे पुन्हा तुझ्या आईशी भांडण," त्या म्हणाल्या. "माझ्यात नाही जीव तेवढा. बस पाटावर."

मी हलले नाही. मी आईकडे बघत होते. तिचं तोंड उतरलं होतं, ओठ हलत होते, काहीतरी म्हणत असावी, बहुतेक देवाची माफी मागत असावी. मग तिनं वाटी खाली ठेवली, तांब्या आणि परात घेतली आणि उंबरा ओलांडून माझ्याकडे आली. माझा हात धरला. मला पाटापर्यंत नेलं, बसवलं, माझे पाय परातीत घेतले आणि त्यांवर कोमट पाणी ओतलं. धुतलेले पाय तिनं आपल्या सोवळ्याच्या पदरानं पुसले.

सासूबाईंनी कुंकू लावलं आणि ताट समोर ठेवलं. तूप वाढता वाढता विचारलं, "दुखतंय का गं?"

"थोडं."

"मग सावकाश जेव."

दोघी माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. सवाष्ण जेवल्याशिवाय त्यांना अन्न घेता येणार नव्हतं, आणि कालपासून दोघींच्या पोटात काही नव्हतं. मी पोळीचा तुकडा तोडला, तुपात बुडवला. दोघी माझ्या हाताकडे बघत होत्या, मी लहान असल्यासारख्या. मी घास तोंडात घातला आणि दोघींनी एकदमच श्वास सोडला.